नवा रेडिएटर धुवायचा नाही म्हणे!

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायच्या वॉटर कूलिंगचा विषय निघाला की रेडिएटरबद्दल, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या भागाबद्दल, एक सल्ला हमखास पुढे येतो: ‘नवा रेडिएटर धुण्यात वेळ घालवू नका. कंपनीतून धुऊनच येतो. थोडी घाण राहिली तर काय बिघडतं? फारच वाटलं तर नळाखाली एकदा खळबळून घ्या. उरलंसुरलं फिल्टर पकडेल.’ ऐकायला सोयीचं आहे, पण यातलं एकेक वाक्य तपासून पाहू.

‘कंपनीतून धुऊनच येतो.’ चांगल्या कंपन्या आतून धुतात, हे खरं. तरी त्यांच्यापैकीच अनेक जण माहितीपत्रकात ‘वापरण्याआधी धुवा’ असं लिहितात, ते उगाच नाही. पितळेच्या चपट्या नळ्या, तांब्याच्या फिन (पातळ पत्र्या) आणि दोन्ही टोकांच्या टाक्या भट्टीत डाख वितळवून जोडतात. डाख नीट धरावा म्हणून फ्लक्स लागतो, आणि त्याचा चिकट, बहुधा आम्लधर्मी थर आत राहू शकतो. सोबत डाखाचे बारीक मणी आणि आटे पाडताना निघालेला कीस. टाकीच्या कोपऱ्यात अडकलेला मणी नुसत्या वाहत्या पाण्याने निघत नाही. बाहेरचा काळा रंग चकचकीत आहे म्हणून आतलंही तसंच असेल, हा तर्क मला कधीच पटला नाही.

‘थोडी घाण राहिली तर काय बिघडतं?’ रेडिएटरचं काहीच बिघडत नाही, आणि गोम तिथेच आहे. त्याच्या नळ्या ऐसपैस असतात, त्यातून कण सहज निघून जातात. प्रोसेसरवर बसणाऱ्या सीपीयू ब्लॉकमध्ये मात्र फिनांमधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. कण तिथे येऊन बसतो, प्रवाह मंदावतो, तापमान हळूहळू चढतं. मग माणूस प्रोसेसर आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट बदलतो, पंपाला शिव्या घालतो, कूलंट (आत फिरणारा द्रव) बनवणाऱ्याला दोष देतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! फ्लक्सचं दुखणं वेगळं. तो कूलंटमध्ये विरघळला की रंग बदलू शकतो, आणि दुधट रंगाच्या कूलंटमधले कण एकत्र येऊन गाळ धरू शकतो.

‘उरलंसुरलं फिल्टर पकडेल.’ कण पकडेल, पण विरघळलेला फ्लक्स कुठलीच जाळी पकडत नाही.

‘नळाखाली एकदा खळबळून घ्या.’ सुरुवातीला नळाचं पाणी चालेल. पण त्यातले क्षार आणि क्लोराइड आत ठेवायचे नसतात, म्हणून शेवटच्या खेपा डिस्टिल्ड वॉटरच्याच हव्यात. आणि ‘एकदा’ हे मोजमाप कुठून आलं? रेडिएटर दोन-तृतीयांश गरम पाण्याने भरा, बुचं घट्ट लावा, मिनिटभर जोरात हलवा. पाणी काठोकाठ भरलं तर आत उसळायला जागा राहत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. दहा-पंधरा मिनिटं ठेवून पुन्हा हलवा आणि पांढऱ्या बादलीवर कॉफीचा कागदी फिल्टर धरून ओता. कागदावर काळे ठिपके, चंदेरी मणी किंवा रंगाची सालं दिसली तर आणखी एक खेप. कागद कोरा आणि पाणी नितळ आलं की थांबा. पहिल्याच खेपेला तसं आलं, तर तुमचं नशीब.

याच्या उलटं टोकही आहे: ‘रात्रभर व्हिनेगर भरून ठेवा.’ हे तर न धुण्यापेक्षा वाईट. साधारण ५ टक्के आम्लाचं पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं तरी पुरतं. रात्रभरात ते डाख आणि पितळ खाऊ लागतं. बाहेर येणारं निळसर-हिरवं पाणी म्हणजे विरघळलेलं तांबं, ‘मळ निघाला’ असं नव्हे. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये तर व्हिनेगर घालूच नका. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवायचं असेल तर आधी व्हिनेगर पूर्ण धुऊन काढा आणि बुचं उघडी ठेवा. बंद रेडिएटरमध्ये दोन्ही एकत्र आले की वायू कोंडतो. ब्लिट्झसारखं सफाईचं तयार किट आणलंत तर रेडिएटरसाठीचा आम्लाचा भाग फक्त रेडिएटरमध्येच वापरायचा, जोडलेल्या लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरण्याच्या पूर्ण चक्रात, नाही.

न धुण्याचा सल्ला एका ठिकाणी मात्र पूर्ण लागू आहे. कारखान्यातच भरून, बंद करून आलेल्या एआयओला (पंप, ब्लॉक, रेडिएटर एकत्र जोडलेल्या तयार कूलरला) हात लावू नका. तिथे धुण्यासारखं काही नाही आणि उघडलात की वॉरंटी जाते.

धुऊन झाल्यावरही शंका असेल तर रंगीत कूलंट लगेच ओतू नका. दोन-तीन दिवस नुसतं डिस्टिल्ड वॉटर फिरवा आणि ब्लॉकच्या पारदर्शक झाकणातून फिनांवर टॉर्च मारा. कण बसलेले दिसले तर याच टप्प्यावर ब्लॉक उघडणं सोपं असतं.