एकोणीस वेळा

कोजागरीच्या कार्यक्रमाच्या मानधनातून पाचशे रुपये कापले गेले. रक्कम किरकोळ आहे. कापण्याचे कारण मात्र अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या एका सोसायटीने यंदा भावगीतांना फाटा देऊन माझे इलेक्ट्रॉनिक संगीत ठेवले होते. लॅपटॉप, त्यातला आवाज हाताने बदलायला आठ नॉबचा (फिरवायच्या बटणांचा) छोटा कंट्रोलर आणि पायाने दाबायचे एक पेडल घेऊन मी सतरंजीवर बसलो, वाजवले, आणि लोकांनी मसाला दूध पिता पिता ते ऐकून घेतले.

माझ्या मागे खुर्ची टाकून सोसायटीचे खजिनदार बसले होते. गृहस्थ रसिक दिसतात, असे मला वाटले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी खिशातून वीजबिलाचा पाठकोरा कागद काढला. त्यावर पाच-पाचच्या गठ्ठ्यांत पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"एकोणीस," ते म्हणाले.

"काय एकोणीस?"

"तुम्ही त्या यंत्राला हात लावलेला. गेल्या वर्षीचा पेटीवाला घामानं भिजला होता ओ. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, उसंत न्हाई. तुम्ही मधे सलग चार मिनिटं नुसतं बसून होता. घड्याळ लावलं होतं मी."

"काका, त्या चार मिनिटांत मी एक नॉब हळूहळू फिरवत होतो."

"ते एकच धरलंय. हात सुटला की दुसरं."

त्या एका नॉबला मी किती गोष्टी जोडल्या होत्या, हे त्यांना कसे सांगावे? तो फिरू लागला की फिल्टर, म्हणजे आवाजाची चाळणी, उघडतो, घुमारा वाढतो, ढोलाचा आवाज उलट दिशेने उतरत जातो आणि दुसरा सूर पहिल्यापासून किंचित सरकतो. यांतले प्रत्येक कुठून सुरू व्हावे आणि कुठे थांबावे, हे आधी घरी बसून ठरवावे लागते. नाहीतर अर्ध्या वाटेवरच सगळा कल्लोळ होतो. वेगवेगळ्या नॉबवर हे करायचे तर चार हात हवेत. म्हणजे तयारी जितकी चोख, तितका मंचावर हात कमी हलतो. आणि हात जितका कमी हलतो, तितके मानधन कमी. हा हिशेब ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले त्या गावात व्हावा, याचे मला विशेष वाईट वाटते. भावे कळसूत्री बाहुल्याही करीत. बाहुलीवाल्याने दोरी किती वेळा ओढली, यावर कोणी बिदागी ठरवली असेल असे मला वाटत नाही.

मी तांत्रिक बाजूने प्रयत्न करून पाहिला. १९८३ पासून अशी वाद्ये आणि संगणक मिडी नावाच्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात आणि त्यात नॉबच्या साधारणपणे शून्य ते १२७ अशा १२८ पायऱ्या असतात. तेव्हा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला म्हणजे एक हालचाल नव्हे, असे मी सांगितले. काकांनी पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

"मग पायरीला काय दर लावायचा म्हणता?"

मी गप्प झालो, तसे त्यांनी कागद उलटा धरून आणखी एक नोंद वाचली. "आणि हे दोनदा तुम्ही फिरवलं, पण आवाजात काहीच फरक पडला न्हाई. ते मी धरलेलंच न्हाई."

इथे मात्र माझा तोल जायची वेळ आली होती. एका गाण्यानंतर दुसरे आले की तोच नॉब वेगळ्या कामाला लागतो. पण प्रत्यक्ष नॉब मागच्याच जागी उभा असतो आणि सॉफ्टवेअरमधला आकडा भलतीकडे. अशा वेळी तो थेट चालू ठेवला तर आवाज एकदम उडी मारतो. म्हणून पिकअप नावाची सोय लावतात: नॉब त्या आकड्यापर्यंत पोचेपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे लक्षच देत नाही, तिथे गाठ पडली की मग पकडते. म्हणजे ज्या दोन हालचाली काकांनी बाद केल्या, त्या सबंध कार्यक्रमातल्या सर्वांत जपून केलेल्या होत्या. ऐकणाऱ्याला काहीच कळले नाही, हेच त्यांचे यश होते.

"आणि पायाचं?" मी शेवटचा दावा केला. पेडल मी सतत दाबत-सोडत होतो.

"खुर्चीवरनं पाय दिसत नव्हता."

पलीकडे मिरजेत तानपुरे बनतात. त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. काकांनी तानपुऱ्याच्या मागे बसून रेघा मारल्या असत्या तर वीजबिलांचा गठ्ठा पुरला नसता आणि तानपुरेवाल्याला गायकापेक्षा जास्त पाकीट मिळाले असते. आम्ही मात्र लॅपटॉप उघडला की पाहणाऱ्याला रेल्वेच्या तिकीट खिडकीवरचा माणूस आठवतो. गाणी आधीच भरून आणली आहेत आणि हा आत मेल वाचत बसला आहे, असा संशय सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतो. काकांनी तो निदान कागदावर तरी उतरवला.

मी व्हाउचरवर सही केली. पाकीट देताना काका मोठ्या मायेने म्हणाले, "पुढच्या वर्षी जरा हात हलवा, मग बघू."

एका मित्राने सुचवले आहे की एक नॉब कशालाही न जोडता मोकळा ठेवावा आणि खजिनदार मागे बसले की तो जोरजोरात फिरवावा. सल्ला व्यवहारी आहे, पण माझ्याकडे नॉब आठच आहेत आणि आठही गुंतलेले आहेत.