बाकी सगळ्यांकडे चालते, माझ्याकडेच चालत नाही

एखादे सॉफ्टवेअर सगळ्याच संगणकांवर बंद पडले, तर त्यात आपल्या कर्तृत्वाला फारसा वाव राहत नाही. दोष सॉफ्टवेअरचा ठरतो, ते लिहिणारे लोक दुरुस्ती करतात, पुढच्या अपडेटमध्ये ती येते आणि विषय मिटतो. खरी संधी चालून येते ती खोलीतल्या सर्व संगणकांवर तीच लिनक्स प्रणाली, म्हणजे उबुंटू २२.०४, आणि सॉफ्टवेअरचे तेच पॅकेज असूनही ते केवळ आपल्याच संगणकावर रुसून बसते तेव्हा. अशा वेळी चालणारे यंत्र आणि न चालणारे यंत्र शेजारी ठेवून दोहोंतला फरक शोधावा, असा एक कंटाळवाणा मार्ग काही जुनाट मंडळी सुचवत असतात. आपण त्यांच्या नादी लागू नये. आमच्या विभागातील एका सहकाऱ्यांनी गेल्या आठवड्यात क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर जे उपचार केले, ते जवळून पाहण्याचे भाग्य मला लाभले असल्यामुळे त्या उपचारपद्धतीचे काही नियम इच्छुकांसाठी येथे नोंदवून ठेवत आहे.

तक्रार करताना ‘चालत नाही’ एवढे दोन शब्द पुरेसे आहेत. सॉफ्टवेअर उघडतच नाही, की उघडून लगेच बंद होते, की उघडते पण काम चुकीचे करते, हे ओळखण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याची असते. आमच्या प्रकरणात ते अगदी व्यवस्थित उघडत होते. फक्त नकाशावरची गावे जागेवर नव्हती. भोर तालुक्यातील गावांच्या सीमा अक्षांश-रेखांशांत होत्या, उपग्रहाचे चित्र यूटीएम या पृथ्वीचे पट्टे पाडून मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात, म्हणजे मीटरमध्ये होते, आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी यंत्रणाच बंद पडल्यामुळे ७३ अंश आणि १८ अंश हे आकडे निमूटपणे ७३ मीटर आणि १८ मीटर म्हणून वाचले जात होते. परिणामी अवघा भोर तालुका हातभर जागेत आकसून, विषुववृत्तावर, मालदीवच्याही पश्चिमेला हिंदी महासागरात जाऊन पडला होता. ‘गावे समुद्रात गेली आहेत’ एवढे जरी कोणी सांगितले असते, तरी ऐकणाऱ्याला दोष कोणत्या भागात आहे हे बसल्या जागी कळले असते. म्हणूनच ते सांगू नये.

संगणकाने चूक झाल्याचा संदेश दाखवल्यास तो निवडून, कॉपी करून पाठवणे हा कमीपणा समजावा आणि पडद्याचा मोबाइलवर तिरका फोटो काढून व्हॉट्सॲपवर धाडावा. या फोटोची चौकट कशी धरावी याला मात्र महत्त्व आहे. क्यूजीआयएस निर्देशांकांच्या रूपांतरासाठी प्रोज नावाच्या लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडवर, अवलंबून असते आणि २०१९ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून या लायब्ररीच्या व्याख्या प्रोज.डीबी नावाच्या एका एसक्यूलाइट डेटाबेस फाईलमध्ये ठेवलेल्या असतात. ही फाईल भलत्याच आवृत्तीची निघाली, तर प्रोज जो संदेश देते, त्याच्या सुरुवातीला त्या फाईलचा संपूर्ण मार्ग असतो, मधे आवृत्तीचा अपेक्षित आकडा आणि सापडलेला आकडा असतो, आणि अखेरीस स्वच्छ इंग्रजीत लिहिलेले असते की ही फाईल प्रोजच्या दुसऱ्या एखाद्या इन्स्टॉलेशनमधून आलेली आहे. इतका सालस संदेश संगणकाच्या जगात क्वचित लाभतो. आमच्याकडे आलेल्या फोटोत फाईलचा मार्ग अंगठ्याच्या सावलीत होता, शेवटचे वाक्य चौकटीच्या बाहेर होते, आणि मधल्या दोन आकड्यांवर छताच्या पंख्याचे प्रतिबिंब पडले होते.

‘आधी काय बदल केला होता?’ असे कोणी विचारल्यास ‘मी काहीच केलेले नाही’ असे ठामपणे सांगावे. एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने, केलेल्या प्रत्येक इन्स्टॉलेशनची तारीख, वेळ आणि पूर्ण आज्ञा व्हार/लॉग/एपीटी या डिरेक्टरीतल्या हिस्टरी.लॉग फाईलमध्ये नोंदलेली असते, आणि आपण टर्मिनलमध्ये टंकलेले बहुतेक सारे बॅश हिस्टरीत पडून असते, ही गोष्ट अशा वेळी मनात आणू नये.

पॅकेज काढून पुन्हा टाकावे. पुन्हा काढावे आणि पुन्हा टाकावे. एपीटीच्या पर्जने सिस्टीममधल्या सेटिंगच्या फाईलीही पुसल्या जातात, त्यामुळे समाधान अधिक मिळते. पर्ज आपल्या होम डिरेक्टरीला, म्हणजे आपल्या स्वतःच्या फाईलींच्या जागेला, हात लावत नाही आणि क्यूजीआयएसची प्रत्येक वापरकर्त्याची प्रोफाइल तर तिथेच असते, हा बारकावा झाला.

डेबियन या वेगळ्याच लिनक्सच्या अनस्टेबल, म्हणजे अजून अस्थिर असलेल्या, शाखेची रिपॉझिटरी (पॅकेजांचे कोठार) उबुंटूच्या यादीत निःसंकोच जोडावी.

पायथनचे पॅकेज टाकताना पिप नकार देऊ लागला, तर ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा पर्याय द्यावा आणि नंतर सिस्टीममधली पॅकेजेस मोडल्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे.

एखादी लायब्ररी सापडत नसेल, तर तिच्या नावाची सिमलिंक, म्हणजे नुसती पाटी, दुसऱ्या आवृत्तीकडे करून द्यावी. उबुंटू २२.०४मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीच्या १.१ आवृत्तीची जागा ३ने घेतल्यावर कित्येकांनी हा प्रयोग करून पाहिला आहे. प्रोग्राम मग लायब्ररी सापडत नसल्याची तक्रार सोडून तिच्यात हवी ती आवृत्ती नसल्याची तक्रार करू लागतो, आणि तक्रार बदलली म्हणजे प्रगती झाली असे मानण्यास हरकत नाही.

आता या शास्त्रातील रामबाण उपायाकडे वळू. सिस्टीमचे प्रोग्राम जिथे असतात त्या पूर्ण यूएसआर डिरेक्टरीवर, आतल्या सगळ्या फाईलींसह, सीएचमॉड ७७७ ही परवानग्या बदलणारी आज्ञा चालवावी. फाईल उघडत नाही म्हणजे परवानगी नसणार, परवानगी नसणार म्हणजे ती सर्वांना सर्व प्रकारची द्यावी, आणि एकाच फाईलीला देण्यापेक्षा लाखभर फाईलींना दिली तर पुण्य अधिक, असा यामागचा विचार आहे. प्रोज.डीबी ही फाईल मुळातच कोणालाही वाचता येईल अशा परवानगीने बसवलेली असते, म्हणजे जी अडचण नव्हतीच तिच्यावर हा उपाय आहे, पण ते असो. यूएसआर/बिनमध्ये सुडो नावाचा जो प्रोग्राम आहे, त्याच्यावर सेटयूआयडी नावाची एक खूण असते. त्या खुणेमुळेच तो सामान्य वापरकर्त्याने चालवला तरी रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतो. ७७७ लावताच ती खूण पुसली जाते. त्यानंतर सुडो चालवले की तो सांगतो की माझी मालकी रूटची असली पाहिजे आणि माझ्यावर सेटयूआयडी बिट असला पाहिजे, आणि थांबतो. सुडोची खूण परत लावायला सुडो लागतो. दुसऱ्या खात्यात शिरू देणाऱ्या ‘एसयू’ची तीच गत झालेली असते, पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रामची तीच, डिस्क जोडणाऱ्या माउंटची तीच. म्हणजे ज्या यंत्रावर नकाशातली काही गावे जागेवर नव्हती, त्या यंत्रावर आता मालकालाच मालकाचा अधिकार उरलेला नाही. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन सुडोवर ४७५५ परवानगी परत लावता येते, पण मूळची परवानगी कोणत्या फाईलीची काय होती, हे त्या यंत्राला आता कोण सांगणार? आणि हे सारे कशाच्या आधारावर, तर शोधयंत्रात पहिले आलेले एक उत्तर, ज्यात भलत्याच वितरणाच्या, भलत्याच आवृत्तीच्या, भलत्याच प्रोग्रामविषयी कोणीतरी ‘माझे असे केल्यावर झाले’ असे लिहिले होते. आज्ञेचा अर्थ काय, ‘-आर’ कशासाठी, ७ हा आकडा तीन वेळा का, यातले काहीही ठाऊक नसताना रूटच्या अधिकाराने ती चालवण्याचे धैर्य माणसात येते कोठून, हे मला खरोखरच कळत नाही. हीच मंडळी बँकेच्या कागदावर सही करताना चष्मा पुसून घेतात.

यापुढची पायरी ओघानेच येते. फॉरमॅट करावे. सबंध उबुंटू नव्याने टाकावे, संध्याकाळ त्यात घालवावी, ज्याला मदतीला बोलावले आहे त्याचीही घालवावी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे होमचे पार्टिशन तेवढे जसेच्या तसे ठेवावे. कारण फोटो आणि कागदपत्रे तिथे असतात. सगळे नवेकोरे झाल्यावर, त्याच आवृत्तीचे पॅकेज त्याच रिपॉझिटरीतून टाकल्यावर, क्यूजीआयएस उघडावे आणि भोर तालुका पुन्हा विषुववृत्तावर पाहावा. खोकला जात नाही म्हणून घर बदलावे आणि विडीचे बंडल तेवढे जपून नव्या घरी न्यावे, असा हा प्रकार आहे.

दोष होमच्या आत, .प्रोफाइल या फाईलच्या तळाशी, एका ओळीत होता. गेल्या वर्षी कोणत्याशा प्रशिक्षणासाठी सहकाऱ्यांनी ॲनाकोंडा हा पायथनचा संच बसवला होता, आणि त्याच्यासोबत आलेल्या, प्रोजच्या जुन्या आवृत्तीच्या डिरेक्टरीकडे बोट दाखवणारे प्रोज_लिब हे व्हेरिएबल तिथे कायमचे लिहून ठेवले होते. कुठूनतरी उचललेली, चिकटवलेली, विसरलेली ओळ. लॉगिन होताच ते व्हेरिएबल सबंध सत्राला लागू होत असे आणि सिस्टीमची प्रोज लायब्ररी आपली प्रोज.डीबी सोडून त्या जुन्या डिरेक्टरीतली उचलत असे. आवृत्त्या जुळत नव्हत्या, म्हणून ती तसे सांगतही होती. आपले उत्तर तिने पहिल्या क्षणापासून पडद्यावर लिहून ठेवले होते.

ते सापडायला काय लागले? त्याच यंत्रावर नवा वापरकर्ता काढला आणि त्या खात्यातून क्यूजीआयएस उघडले. गावे जागेवर. म्हणजे सिस्टीम निर्दोष, पॅकेज निर्दोष, परवानग्या निर्दोष, आणि बिघाड या माणसाच्या खात्यात. मग दोन्ही खात्यांत एन्व्ह ही अशी व्हेरिएबल्स दाखवणारी आज्ञा चालवून दोन याद्या शेजारी ठेवल्या. एक ओळ जास्तीची होती. इंटरनेट लागले नाही, आणि सुडो लागला तो फक्त नवा वापरकर्ता काढण्यापुरता. नवा वापरकर्ता काढण्याचा हा उपाय फॉरमॅटच्या आधीही तितकाच उपलब्ध होता, ७७७च्या आधीही होता, आणि तो सुचवणारा माणूस शेजारच्या खोलीत बसलेला होता.

तेव्हा आता उपरोध पुरे. पुढचे थेट त्या सहकाऱ्यांसाठी. ‘एकाच संगणकावर चालत नाही’ ही अडचण नसून फार मोठी सवलत आहे, हे कृपा करून समजून घ्या. सगळीकडे बिघडले असते, तर लाखो ओळींच्या प्रोग्राममध्ये शोधावे लागले असते; इथे चालणारी प्रत शेजारच्या टेबलावर मांडलेली आहे आणि तुम्हाला फक्त फरक काढायचा आहे. दोन्ही यंत्रांवरची डीपीकेजीची, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांची, यादी फाईलमध्ये घ्या आणि दोन फाईलींतला फरक दाखवणारी डिफ ही आज्ञा चालवा. पॅकेजच्या फाईलींत कोणी ढवळाढवळ केली आहे का, हे डीपीकेजीचे व्हेरिफाय सांगते. प्रोग्राम कोणती लायब्ररी कोठून उचलतो हे एलडीडी ही आज्ञा सांगते, आणि त्या यादीत यूएसआर/लोकल दिसले तर तिथे थांबा, कारण ते तुम्हीच कधीतरी हाताने कंपाइल करून टाकलेले असते, पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ता नसतो आणि ते सिस्टीमच्या लायब्ररीच्या आधी उचलले जाते. कोणती फाईल उघडली जाते आहे हे बघायला एसट्रेस (strace) ही आज्ञा आहे. यातल्या एकाही आज्ञेने काही मोडत नाही. त्या फक्त पाहतात. आधी पाहायचे आणि मग हात लावायचा, हा क्रम मोठमोठ्या पदव्या मिळवलेल्या माणसांना संगणकासमोर बसल्यावरच का उलटा करावासा वाटतो? विद्यार्थ्याने कोष्टक न वाचता निष्कर्ष लिहिला, तर त्याचा प्रबंध परत पाठवणारे तुम्हीच आहात ना?

आणि मदत मागायची तर नीट मागा. संदेशाचा मजकूर पूर्ण पाठवा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. तो इंग्रजीत आहे ही सबब सांगू नका. तुमचे शोधनिबंधही इंग्रजीतच असतात. मधल्या काळात जे जे उपाय केले ते सगळे सांगा, विशेषतः ज्यांची लाज वाटते ते, कारण मूळ बिघाड आणि तुम्ही नंतर घातलेली भर यांतला फरक बाहेरच्या माणसाला दिसत नाही. सुडो का चालत नाही हे शोधण्यात माझा जो वेळ गेला, तो क्यूजीआयएसच्या खात्यात जमा नाही, तुमच्या मौनाच्या खात्यात आहे.

शेवटचे. विभागाच्या गटावर तुम्ही काल जो संदेश टाकलात, की लिनक्सवर क्यूजीआयएसचा भरवसा नाही, आमचे तर शेवटी फॉरमॅट केल्यावर सुरू झाले, तो मी वाचला आहे. त्यातली दोन्ही विधाने खोटी आहेत. फॉरमॅट करून काहीही सुरू झालेले नव्हते, आणि त्याच खोलीतल्या बाकीच्या संगणकांवर क्यूजीआयएस त्या काळात एकदाही अडखळले नाही. तो संदेश वाचून दोन विद्यार्थी आज सकाळी माझ्याकडे फॉरमॅटसाठी पेन ड्राइव्ह मागायला आले होते. त्यांच्या संगणकांना काय झाले आहे, हे त्यांना अजून नीट सांगता येत नाही. तो संदेश आजच्या आज काढून टाका, आणि त्याच्या जागी .प्रोफाइलमधली ती ओळ जशीच्या तशी टाका. मजकूर टाका, फोटो नको.