विश्वास कमी पडला म्हणे!

आज डोकं फिरलंय. बाजाराच्या मैदानात मंडप पडलाय, बाहेरून ख्रिस्ती प्रचारक आलाय. समोर एक बाई, नवरा नुकताच गेलेला. माईकवरून तिला सांगतो काय, तर घरात विश्वास कमी पडला! वर आणखी, विश्वासाचं बी पेरा, शंभरपट मिळेल. बी म्हणजे पाकिटातले पैसे. दुबार पेरणी करून बसलेल्या लोकांना हे सांगायला जीभ कशी रेटते?

पुतण्याजवळ हे बोललो, तर म्हणे, "काका, तुमी भलतेच ऑर्थोडॉक्स."

हौ, आहे. पण या पोट्ट्यांना वाटतं ऑर्थोडॉक्स म्हणजे डोक्यावर पदर, पेटी-तबला आणि गिटारला विरोध. वाजव रे बाबा गिटार, खुशाल वाजव. माझा हट्ट एवढाच की उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची ठरलेली कबुली, म्हणा, आणि म्हणता ते खरं माना. येशू खरा देव, खरा माणूस. वधस्तंभावर खरंच मेला, तिसऱ्या दिवशी देहासकट उठला.

माझी आजी अंगठाबहाद्दर, पण हे तोंडपाठ. माझा काका रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेला, पायाला साप चावला, दवाखाना गाठेपर्यंत संपला. कबरस्थानात एक भला माणूस समजावू लागला, आत्मा देवाजवळ गेला, देहाचं काय, माती. आजी उसळली. "मातीच काहून? दर रविवारी देहाचं पुनरुत्थान म्हनता ना? माह्या पोराचा देह उठन. त्या पायासकट उठन!"

आमच्या बुढीला कोणी "विश्वास कमी पडला" म्हटलं असतं, तर तिनं त्याला तिथूनच हाकललं असतं.

३२५ साली निकियाला, आजच्या तुर्कस्तानात, बिशप जमले ते येशू खरा देव की नाही याच गोष्टीसाठी. आरियस नावाचा पाळक म्हणे, पुत्र, म्हणजे येशू, देवानं निर्माण केलेला. सभेनं ठरवलं, नाही, पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे. लोकांना हा कीस काढणं वाटतो. अहो, वधस्तंभावर स्वतः देव नसेल तर आजीच्या दुःखात तो आला कुठून? वरून पाहतच बसला की! मग मंडपवाल्याचंच खरं, ज्याचं पीक चांगलं तो देवाचा लाडका.

विश्वासांगीकार पाठ असलेलेच वावराच्या धुऱ्यासाठी सख्ख्या भावाला कोर्टात ओढतात, मान्य. मंडप भरतो आणि आमची बाकं रिकामी, तेही मान्य. पाळक घडवणारी यवतमाळची बायबल सेमिनरी १९८३ ला पुण्याला गेली. आता आमच्याकडे शिकवणारे कमी, हात ठेवून बरे करणारे उदंड.

पुतण्यावर जरा जास्तच ओरडलो. पोरगं गुणी आहे, मंडळीच्या प्रत्येक कामाला पुढे असतं. आजीला त्यानं पाहिलेलंच नाही, त्याला कुठून कळावं?

पण पाळकसाहेब, तुम्हाला तर कळतं ना? वेळ पुरत नाही म्हणून विश्वासांगीकार गाळता. वाढदिवसांची यादी गाळा, सूचना गाळा. येत्या रविवारी तुम्ही सांगा न सांगा, मी उभा राहून म्हणणार आहे. ज्यांना पाठ आहे त्यांनी उभं राहावं.