वाफ्याच्या एकाच बाजूला

चर्चच्या मागची पडीक जागा भाजीपाल्याला द्यावी, असा विषय बैठकीत निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "येणाऱ्या भाजीचं वाटप कसं करायचं?" तीन वर्षं अशा एका बागेत राबल्यावर मला मनापासून वाटतं, की हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारायचं ते हे, की भाजी पिकवायला कोण कोण येणार.

चर्चच्या धान्यवाटपाच्या टेबलाला दोन बाजू असतात. अलीकडे देणारे, पलीकडे घेणारे. मी कित्येक महिने अलीकडे उभी होते. पिशवी हातात ठेवताना समोरचं माणूस माझ्याकडे बघत नसे, आणि मलाही त्याच्याकडे बघवत नसे. त्यातल्याच एक मावशी. नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

मग बाग सुरू झाली. पहिल्याच हंगामात भोपळ्याचे वेल फुलांनी भरून गेले, पण फळ काही धरेना. बोटाएवढे भोपळे पिवळे पडून गळायचे. खत कमी पडतंय, पाणी जास्त होतंय, आमची चर्चा चालूच. पिशवी घ्यायला आलेल्या त्या मावशी कुंपणाशी थांबल्या, मग आत आल्या. त्यांनी एक फूल उलटून दाखवलं. "हिच्या देठाशी गाठ आहे बघा, ही मादी. हा नुसता सरळ देठ, हा नर. मधमाश्या येत नाहीत तुमच्याकडे, तर हातानं करावं लागेल." नराचं फूल खुडून त्यांनी पाकळ्या सोलल्या आणि आतला पिवळा दांडा मादीच्या फुलात अलगद फिरवला. हे सकाळी लवकरच करायचं, उन्हं चढली की फूल मिटतं, हेही सांगितलं. आमच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, वही काढून लिहून घेत होते. पुढच्या शनिवारी मावशी टेबलाकडे गेल्याच नाहीत, थेट वाफ्यावर आल्या आणि नळाची किल्ली कुणाकडे असते ते विचारलं.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आज्ञा आहे, की शेताचे कोपरे कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. या वचनावर दानधर्माची प्रवचनं मी खूप ऐकली. पण त्यात मालकाने पेंढ्या बांधून घरपोच द्याव्यात असं म्हटलेलंच नाही. गरजवंताने शेतात यावं, स्वतःच्या हाताने वेचावं. बायबलमधली रूथ, परदेशातून आलेली गरीब विधवा, बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात गेली ती अशीच. मला त्यात शेताचं उघडं फाटक दिसतं.

आणि चर्चने मातीत हात घालणं हे काही आजचं खूळ नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत मठवासीयांच्या दिवसात हाताने करायच्या कामाच्या वेळा लावून दिल्या आहेत. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालच्या मठाच्या नवव्या शतकातल्या नकाशात भाजीचे 18 वाफे आखलेत, प्रत्येकात काय लावायचं ते लिहिलंय (कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीरसुद्धा), आणि शेजारी माळ्याचं घर. आजच्या काळातलं उदाहरण हवं तर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये पाळक हेबर ब्राउन यांच्या प्लेझंट होप बॅप्टिस्ट चर्चने स्वतःच्या आवारात बाग केली. त्यातूनच 2015 मध्ये कृष्णवर्णीय चर्च आणि कृष्णवर्णीय शेतकरी यांना जोडणारं जाळं उभं राहिलं.

एक मात्र स्पष्ट सांगते. छोट्या बागेने कुणाची भूक पूर्ण भागत नाही. धान्याची पिशवी चालूच राहिली पाहिजे. बाग दाखवून वाटप बंद करणाऱ्यांशी मी भांडेन. तसंच उपासनेला आलात तरच वाफ्यावर या, अशी अट घालणाऱ्यांशीही.

वाटून दिलेल्या स्वतंत्र तुकड्यांपेक्षा सामाईक वाफे बरे, असं माझं ठाम मत आहे. तुकडे पाडले की ज्याला येतं त्याचं पिकतं, ज्याला येत नाही तो दोन महिन्यांत येणं बंद करतो. सामाईक वाफ्यावर शेजारी बसून खुरपताना आपोआप कळतं, की रोपाची मान किती खोल गाडायची, किंवा शेंगवर्गाचं पीक निघालं की मुळं का उपटायची नाहीत. त्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंनी हवेतला नत्र धरलेला असतो, मुळं कुजली की तो पुढच्या पिकाला मिळतो. वाफा चार फुटांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत लावणार असाल तर माती आधी तपासून घ्या. जुन्या रंगात शिसं असायचं, ते खपल्यांबरोबर मातीत उतरतं.

आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पुढाऱ्यांना हात जोडून विनंती, जागा देणार असाल तर निदान पाच वर्षांसाठी लेखी द्या. माझ्या माहितीतल्या एका मंडळीने तिसऱ्या वर्षी बाग काढून गाड्या लावायला जागा केली. पालापाचोळा जिरवून नुकती कुठे भुसभुशीत झालेली, गांडुळं धरलेली माती खडीखाली गेली. तिथल्या लोकांचे चेहरे मी विसरलेले नाही.

आमच्याकडे फाटकाजवळच्या एका वाफ्यातली भाजी आम्ही स्वतः तोडत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवतो. फाटकाला कुलूप नाही. कोण नेतं, किती नेतं, नोंद ठेवत नाही. गेल्या आठवड्यात सकाळी गेले तर घेवड्याच्या शेंगा कुणीतरी तोडून नेल्या होत्या, आणि मांडवाची सुटलेली दोरी दोन गाठी मारून नीट बांधून ठेवली होती.