चाळीस डॉलर

सकाळी आमच्या एका ग्रुपवर मदतीची लिंक टाकली होती. प्युर्टो रिको या कॅरिबियन बेटावरचे एक टायनो (म्हणजे तिथले मूळनिवासी) कारागीर, लाकडात कोरीवकाम करणारे, हाताला जबर दुखापत, उपचारांना पैसे कमी पडताहेत. तासाभरात तीन उत्तरं आली. "टायनो तर कोलंबसनं संपवले ना?" "अमेरिकेतच आहेत ना ते, मग सरकार बघेल की." आणि तिसरं, ज्याची मी वाटच बघत होते, "आपल्याकडे कारागीर कमी पडलेत का?" मग कुणीतरी मिसळीचा फोटो टाकला आणि विषय मिटला.

दिवसभर ऑफिसात डोक्यात तेच. तिथे भांडून उपयोग नाही, म्हणून इथे लिहितेय.

2019 मध्ये मी त्या बेटावर एका फार्मा कंपनीत व्हॅलिडेशनचं काम करत होते. फेब्रुवारीत आई आली. समुद्र बघून तिचं झाल्यावर एका रविवारी तिला उतुआदोच्या डोंगरात, कागुआनाला नेलं. टायनोंची खेळांची आणि विधींची जुनी मैदानं आहेत तिथे, कडेनं उभ्या दगडांच्या रांगा, त्यांवर कोरलेल्या आकृत्या. त्यातली एक बेडकासारखे पाय फाकवून बसलेली बाई. अताबेय म्हणतात तिला, आदिमाता. आईनं बघितलं, चपला काढल्या आणि हात जोडले. "अगं, ही तर आपली लज्जागौरी!" मी आपली इकडेतिकडे बघतेय, कुणी हसत तर नाही ना.

परतताना रस्त्यालगत काकांची शेड लागली. (नाव लिहीत नाही, काकाच म्हणते.) ते दुहो करतात. दुहो म्हणजे टायनो प्रमुखाचं नाहीतर वैदूचं आसन. बुटके पाय, एका टोकाला चेहरा, मागची बाजू वर उचललेली. लाकूड गुआयाकान, इतकं जड की पाण्यात बुडतं. आईचे गुडघे दुखत होते. काकांनी एक मोठा दुहो पुढे ओढला आणि बसायची खूण केली. त्यावर ते कुणालाच बसू देत नाहीत, हे त्यांच्या मुलीनं नंतर सांगितलं. आई पदर सावरून बसली, पंगतीत पाटावर बसते तशी, आणि चक्क मराठीत म्हणाली, "आमचे दादा पाट करायचे ना, अगदी अस्सेच." माझे आजोबा सुतार होते. मग तिनं काकांचं सामान बघितलं, वाकस (लाकूड तासायचं हत्यार) उचलून धारेवरून अंगठा फिरवला. दहा मिनिटं दोघं बोलत होती, ती मराठीत, ते स्पॅनिशमध्ये. सुतारकीचे शब्द मला दोन्ही भाषांत येत नव्हते.

मी काय करत होते? मी एका वीतभर दुहोची किंमत पाडत होते. एकशेसाठचे एकशेवीस. तुळशीबागेत शिकलेली विद्या. काका हसून हो म्हणाले.

आई घाट उतरेपर्यंत गप्प. मग म्हणाली, "दादांशी घासाघीस करणारी माणसं मी ओट्यावर बसून बघायचे." बस, एवढंच.

तर गेल्या महिन्यात एका गाठीवर वाकस घसरून काकांच्या हातावर बसल्यानं दोन बोटांचे टेंडन तुटले. ऑपरेशन झालं, त्याचा बराचसा खर्च सरकारी विम्यातून निघाला. नाही असं नाही. पण आता आठवड्यातून दोनदा डोंगरातून राजधानीला, सान हुआनला हाताच्या व्यायामासाठी जायचं, औषधं, आणि कित्येक महिने काम बंद.

सरकार बघेल म्हणे. कुठलं सरकार? 1898 पासून बेट अमेरिकेकडे, 1917 पासून माणसं अमेरिकेची नागरिक, पण बेटावर राहायचं तर राष्ट्राध्यक्षाला मत नाही. काम करू न शकणाऱ्या गरीब अपंगाला पन्नास राज्यांत जो केंद्राचा भत्ता मिळतो, तो या बेटावर मिळत नाही, आणि 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 8 विरुद्ध 1 अशा मतांनी सांगितलं की हे घटनेला धरूनच आहे. मूळनिवासींची वेगळी आरोग्यसेवा आहे, ती केंद्रानं मान्यता दिलेल्या जमातींना. टायनोंना ती मान्यताच नाही. नागरिक म्हणून अर्धे आणि आदिवासी म्हणून शून्य.

आणि "संपवले ना" म्हणणाऱ्या भल्या माणसा, बटाटा हा शब्द कुणाचा? टायनोंचा. ते रताळ्याला बटाटा म्हणायचे. पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्याकडे उतरला. तुझ्या त्या मिसळीतही असेल तो.

ज्या गुआयाकानवर काकांचा हात चिरला ना, ते लाकूड सोळाव्या शतकात युरोपनं औषध म्हणून बोटी भरभरून नेलं. फिरंगरोगावर, म्हणजे सिफिलिसवर! आजही शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची जी जुनी चाचणी आहे, तिच्या कागदाला त्याच झाडाचा राळेसारखा चीक लावलेला असतो. तुमच्या वडिलांची झाली असेल कधीतरी. ब्रिटिश म्युझियममध्ये सोन्याचे डोळे बसवलेला दुहो आहे, त्याच्यासमोर फोटो काढलेले दोन मित्र आमच्या ग्रुपवर आहेत. आज दोघंही गप्प.

राहिलं तिसरं उत्तर. सावंतवाडीच्या चिताऱ्याचा हात कापला तर कोण धावतं? कुणी नाही. मान्य. पण तुम्ही त्याला शेवटचे पैसे कधी पाठवलेत, ते सांगा की. ऑनलाइन मदतीत फसवणूक होते, तेही मान्य, म्हणून तर मी आधी त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल केला.

खरं सांगू का, राग ग्रुपवरचा नाहीचे. तो वीतभर दुहो माझ्या टेबलावर आहे, त्याच्यावर मी गाडीच्या किल्ल्या ठेवते. सहा वेळा घर बदललं, तो बरोबर आला. आज किल्ल्या उचलल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. चाळीस डॉलर. त्या आठवड्यात आम्ही एका जेवणावर त्याच्या दुप्पट उडवले होते.

कॉलवर काका आले. हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. मी कसे आहात विचारायच्या आतच त्यांनी विचारलं, दोन्याचे गुडघे कसे आहेत? आईला ते दोन्या म्हणतात, म्हणजे बाईसाहेब. मला पुढे बोलता येईना, मुलीनंच सांभाळून घेतलं.

लिंक पहिल्या कमेंटमध्ये आहे. पाचशे रुपयेही चालतील. शंका असेल त्यांनी मला फोन करा, मुलीशी बोलणं करून देते. वाद घालायचा असेल त्यांनी उद्या घाला, आज माझ्यात त्राण नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. किती पाठवलेस हे ती नंतर विचारेल. आधी विचारेल, कुठला हात?