लहान वर्ग ठीक, पण मदतीचं काय?

अमेरिकेतल्या खासगी ख्रिस्ती मिडल स्कूलबद्दल लेखात म्हटलंय, ‘वर्ग लहान, त्यामुळे मागे पडणाऱ्या मुलाकडे आपोआप लक्ष जातं’. लक्ष जातं, खरंय. आमचा मुलगा वाचताना ओळ गाळतो, हे सहावीच्या बाईंनी लगेच हेरलं. पण पुढे काय? शाळेत स्पेशल एज्युकेशनची शिक्षिकाच नव्हती. सरकारी शाळेत पात्र मुलाला ‘आयडिया’ (अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा) खाली आयईपी, म्हणजे त्या मुलासाठी आखलेली लेखी शिक्षण-योजना, हक्काने मिळते. पालकांनी स्वतःहून खासगी शाळेत घातलेल्या मुलाला हा वैयक्तिक हक्क नाही. ठरावीक निधीतून जमलं तर ‘सर्व्हिसेस प्लॅन’ नावाच्या मर्यादित योजनेखाली थोडीफार मदत, एवढंच. मुलाला अशा मदतीची गरज आहे का, याची तपासणी मात्र ज्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) शाळा आहे त्याला मोफत करून द्यावी लागते. ती मागून घ्या, शाळा स्वतःहून सांगेलच असं नाही. आम्हाला दुसऱ्या एका आईकडून कळलं.

लेखातलं सायन्स लॅबचं कौतुक वाचतानाही हेच डोक्यात आलं. इमारती अपंगांना वापरता याव्यात असं सांगणाऱ्या १९९० च्या एडीए कायद्याच्या नियमांतून धार्मिक संस्थांच्या शाळांना सूट आहे. म्हणजे चर्चच्या जुन्या इमारतीत लॅब वरच्या मजल्यावर, नवी कोरी, आणि लिफ्टचा पत्ता नाही, असं होऊ शकतं. (शाळा केंद्राचा निधी घेत असेल किंवा राज्याचे नियम कडक असतील, तर गोष्ट निराळी.) आठवीतल्या अल्जिब्राबद्दलही लेखात छान लिहिलंय, पण शाळा बघायला जाल तेव्हा आधी विचारा: परीक्षेत जादा वेळ देता का, आणि तसं लेखी द्याल का?