काका, काच ओघळत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज असा: काच घन नसते, फार हळू वाहणारा द्रव असते. म्हणून जुनी तावदानं खाली जाड होतात, रंगीत खिडक्यांना पोट सुटतं, बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या काचाही खाली उतरत चालल्यात, तेव्हा पन्नास वर्षांवरची काच बदलून टाका. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याची डागडुजी चालू आहे. काकांनी लगेच काचवाल्याला फोन लावला.

जुनी काच खाली जाड सापडते, हे खरंय. पण ती बनतानाच तशी असायची. पूर्वी कारागीर काचेचा लांब नळा फुगवून, उभा चिरून, भट्टीत सपाट करत. किंवा गोळा गरागरा फिरवून तबकडी काढत, मधे जाड आणि कडेला पातळ. एकसारखी जाडी आली ती वितळलेल्या कथिलावर काच तरंगवायला लागल्यावर. पिल्किंग्टन या इंग्लिश काच कंपनीने ती पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. बसवणारा जड कड बहुधा खाली ठेवी, पण नेहमी नाही. माडीवरची सहा तावदानं उतरवताना वरच्या बाजूला मी खडूने खूण केली होती (काकू हसल्या). जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तर दोन खाली जाड, एक वर, उरलेली डावी-उजवीकडे. वाहणारी काच वर कशी चढली, काका?

‘घन नाही’ यात अर्धं तथ्य आहे. काचेतल्या अणूंना स्फटिकासारखी शिस्त नसते, द्रवासारखे ते विस्कळीत असतात. पण जागच्या जागी थिजलेले. खिडकीची साधी काच मऊ व्हायला साडेपाचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. बडोद्याचा मे कितीही वाईट असला तरी इतका नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेच्या घटकांची काच बनवून संशोधकांनी तिचा चिकटपणा (वाहायला होणारा विरोध) मोजला. २०१७ मध्ये आलेलं उत्तर: खोलीच्या तापमानाला अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, इतकी ओघळेल. केसाची जाडीच हजारो नॅनोमीटर असते आणि आपला पॅलेस १८९० चा! अमेरिकेतल्या यर्कीझ वेधशाळेच्या दुर्बिणीचं ४० इंची भिंग १८९७ पासून उभं आहे. ते वाहिलं असतं तर त्यातून दिसणारे तारे केव्हाच फिसकटले असते.

राहिलं रंगीत खिडक्यांचं पोट. ते सुटतं, पण काचेमुळे नाही. तुकडे जोडतात शिशाच्या पट्ट्यांनी. शिसं मऊ, स्वतःच्या वजनाने आणि उन्हातान्हाने वर्षानुवर्षं खचतं, आणि काच बिचारी त्याच्याबरोबर वाकल्यासारखी दिसते. दुरुस्ती शिशाची करायची, जुनी काच परत तिथेच बसवायची.

आमच्या खिडक्या खडखडतात कारण काच चौकटीत धरून ठेवणारी लांबी (पुटी) वाळून सुटलीय. नवी लांबी लावायला माणूस उद्या येतोय. एक निळं तावदान मात्र उतरवताना गड्याच्या हातून सुटलं. तसली काच रावपुऱ्यात कुणाकडे पडून असेल तर कळवा.